राहीचा भरलेला गाल

राहीच्या तोंडात जेमतेम एक बोट जाईल एवढी फट उरली, तेव्हा कुठे तिला मुंबईच्या डॉक्टरकडे न्यायला तिचा बाप तयार झाला. त्याआधी कितीतरी वर्षं अख्खी आळी तिच्या तोंडावर उपचार करत होती, आणि तेही भलत्याच गालावर.

बाप धर्माजी चौलला दुसऱ्याची नारळी-पोफळीची वाडी राखायचा. बायको लवकर गेलेली. घर त्याच्या बहिणीच्या, मनुबाईच्या हातात. वाडीला पाणी रहाटाचं. रेडा गोल फिरायचा आणि त्याच्या मागच्या दांड्यावर बसून पोरं फेऱ्या मारायची. राही पाच-सहा वर्षांची असताना तिथून पडली ती थेट विहिरीच्या काठावर, हनुवटीवर. जखमेत हळद भरली, चार दिवस पेज पाजली, पोरगी पुन्हा दांड्यावर. हाडाचा विचार कोणी केला नाही. रक्त थांबलं की दुखणं संपलं, हा आपल्याकडचा शिरस्ता.

मी बी.ए. होऊन चौलच्या शाळेत शिकवायला आले ती १९५४ साली. राही माझ्या वर्गात होती. हनुवटी उजवीकडे सरकलेली, आणि मुलगी वाढत गेली तशी ती आणखीच सरकत गेली. उजवा गाल गुबगुबीत, डावा लांबट आणि सपाट. खालची दातांची ओळ वरच्या ओळीखाली येईना. घाईत लावलेलं झाकण डब्यावर तिरकं बसावं तशी. असा चेहरा पाहिल्यावर दुखणं कुठल्या बाजूला म्हणाल? डावीकडेच. सगळे तेच म्हणत.

मनुबाईचं निदान पक्कं होतं: डावी बाजू वाळते आहे. त्यावर एरंडाच्या पानांचा शेक, आणि रोज डाव्या दाढेखाली एक सुपारी. पोफळीवर चढून चढून धर्माजीच्या पोटऱ्या कशा दगडासारख्या झाल्या, तसाच मेहनतीने गालही भरेल, असा तिचा हिशोब. सुपारीला वाडीत तोटा नव्हता. राही मुकाट्याने चावायची, डोळ्यांतून पाणी गाळायची, आणि तोंड दर वर्षी कमी उघडायचं. भाकरी तिला तोडता येईना. मनुबाई ती कालवणात कुस्करून द्यायची, तो लगदा राही बोटाने फटीतून आत सारायची.

पंधरावं सरलं तशी तिला शाळेतून काढली आणि किहीमचं स्थळ आलं. मुलगा रामचंद्र, मुंबईला गोदीत कामाला. बघायला त्याची आई भागुबाई आली. मनुबाईने राहीला दाराशी असं बसवलं की पाहुण्यांना फक्त उजवा गाल दिसावा. त्यावर तीटही लावली. भागुबाई खूश. पोर खात्यापित्या घरची दिसते म्हणाली. माघात सुपारी फोडायचं ठरलं.

मार्गशीर्षात डावी दाढ चिरफाळली. गाल सुजून डोळा झाकला, तोंडाला पुवाची घाण येऊ लागली. मी धर्माजीच्या ओट्यावर जाऊन इतकी भांडले की तो ऐकून घेण्यापेक्षा निघालेलं बरं म्हणून निघाला. रेवसहून लाँच धरून आम्ही भाऊच्या धक्क्याला उतरलो.

डॉक्टरांनी हाडांचा फोटो उजेडाला धरला. जबड्याचा सांधा उजवीकडचा मोडला होता, लहानपणी पडली तेव्हाच. तो तसाच धरला आणि तिथलं हाड खुंटलं. डावं नीट वाढत राहिलं आणि हनुवटीला पलीकडे रेटत राहिलं. आखूड हाडावर मांस गोळा झालं, म्हणून उजवा गाल भरलेला. ज्याला तीट लावली तोच आजारी होता. आणि निरोगी बाजूची दाढ सुपारीने फुटली ती फुटलीच. ती काढावी लागली.

कानापुढे कापून सांधा मोकळा करता येईल, तोंड उघडेल, असं डॉक्टर म्हणाले. हनुवटी मात्र राहील तिथेच, दातही जुळायचे नाहीत. त्यानंतर वर्षानुवर्षं रोज दातांत लाकडी पाचर ठासायची, नाहीतर सांधा पुन्हा धरेल. धर्माजीने एकच विचारलं, माघापर्यंत हनुवटी सरळ होईल का. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"मंग कापायचं कशाला?" तो बाहेर येऊन म्हणाला. "दाढ काढली, झालं. लगीन होऊ दे. फुडचं तिचा दादला बघंल."

राही बाकावर बसली होती. दातांमागून बोलायची म्हणून तिचं वाक्य नेहमी दुसरंच कोणीतरी पुरं करायचं. त्या दिवशी मी जीभ आवरली.

"बाबा, त्या घरी माझ्या ताटात भाकरी पडंल. ती खाऊ कशी?"

"खातेस तशीच. कुस्करून."

"हितं आत्या कुस्करते. तिथं कोन देल?"

धर्माजीने पिशवी उचलली आणि निघायला लागला.

"हनुवटी ऱ्हाऊ दे तिथंच. मला तोंड उघडाया पायजे."

आणि ती बाकावरून उठेना. लाँचची वेळ टळली तरी उठेना. शेवटी धर्माजीने ऑपरेशनच्या कागदावर अंगठा दिला.

कानापुढचा वण पाहून किहीमचं स्थळ मोडलं. फसवलं म्हणून भागुबाईने निरोप धाडला, आणि तिचं काही चूक नव्हतं. मनुबाई आळीभर सांगत सुटली की शाळेच्या बाईंनी पोरीचं वाटोळं केलं. धर्माजीने माझ्याशी बोलणं टाकलं आणि राहीशीही.

पाचर दातांत बसली की राही खांबाला डोकं टेकून कण्हायची. ते बघवेना म्हणून मनुबाई पाचर तांदळाच्या कणगीत लपवायची. एका सकाळी ओट्यावर नवी पाचर दिसली. भेंडीच्या झाडाच्या लाकडाची, कडा घासून गोल केलेल्या, जुनीपेक्षा जराशी जाड. कोणी ठेवली ते कोणी बोललं नाही. घरात कोयता चालवणारा माणूस एकच होता. त्यानंतर अधूनमधून तशीच, दर वेळी थोडी आणखी जाड.

राहीचं लग्न पुढे झालंच नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. सुपाऱ्या सोलणं हाच तिचा जन्म झाला. पण दुसरा पावसाळा सरताना एकदा मी त्यांच्या पडवीत बसले असता ती माझ्यासमोर जेवली. तांदळाची भाकरी हाताने तोडून, न कुस्करता. धर्माजी समोरच्या ताटावर बसून बघत होता.

"दात लागतात का गं?" त्याने विचारलं. किती दिवसांनी, देव जाणे.

"उजवीकडनं लागतात. डावीकडं दाढ कुठं हाय?"

आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून त्याने तिच्याकडे सरकवली, आणि उरलेली न खाताच हात धुवायला उठला.