भाताची खळ

जेवायला बसलं की आमचे सर आधी डब्यातला घासभर भात झाकणात काढून ठेवायचे. शाळेत नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, चिमण्यांसाठी असेल. मग सर ते झाकण माझ्याकडे सरकवून विचारायचे, "मॅडम, तुमचा भात उरते का?" तो भात कोणाच्या पोटात जायचा नाही. घरी त्याची खळ व्हायची आणि त्या खळीने ते वर्तमानपत्रातली कात्रणं वहीत चिकटवायचे.

नागझिऱ्याच्या जंगलाच्या वाटेवरच्या एका शाळेत आम्ही बरोबर नोकरी केली. ते कुडव्याहून गाडीवर यायचे, मी फुलचूरहून. मी जरा तोंडाची फटकळ आहे. एकदा म्हटलंही, "सर, दुकानात गमाची बाटली मिळते." ते शांतपणे म्हणाले, "गमानं चिपकवलेलं निघत नाई, मॅडम. कोनाले कधी काढा लागलं तं?" चिकटवलेलं कोण काढायला बसतंय, असं मला तेव्हा वाटलं.

चिकटवही करणारं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. बहुतेकांचा हा छंद मिसरूड फुटेपर्यंत टिकतो. सरांचा आयुष्यभर टिकला, फक्त वहीतली चित्रं बदलत गेली. लहानपणी बिडीच्या कट्ट्यांवरची लेबलं, मग काडेपेटीवरचे वाघ आणि मोर, मग न्हाव्याकडून मागून आणलेल्या जुन्या मासिकांतल्या नटनट्या, मग क्रिकेटवाले. मास्तर झाल्यावर फळांचे आणि पक्ष्यांचे तक्ते. मी एकदा त्यांना वाचून दाखवलं, की विलायतेतल्या बायकाही फार पूर्वीपासून असे रंगीत चित्रांचे अल्बम करायच्या. सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "खळ कायची करत होत्या, ते लिवलं आहे का?" ते काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे विलायतेवरचा त्यांचा विश्वास तिथेच उडाला.

पुढे आमच्या शाळेतल्या एका मुलीचा फोटो पेपरात आला आणि सरांनी नटांना कायमची रजा दिली. "नटाचा फोटो घरोघरी आहे," ते म्हणाले. "आपल्या मानसाचा जिंदगीत एखाद्या वेळेस येते." तेव्हापासून वहीत फक्त ओळखीची माणसं. दहावीत पास झालेली पोरं, पर्यटकांसोबत उभा असलेला जंगलातला गाइड, बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीतल्या शेजारणी. तालुक्याच्या शर्यतीत पहिली आलेली माझी लेकही एका पानावर होती.

घरी खळ शिजवायचं काम सरांच्या बायकोचं, आमच्या वहिनींचं. खळीत त्या कडुनिंबाचा काढा घालायच्या, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. नवऱ्याच्या देखत मला सांगायच्या, "याईच्या घरी पोटाले भात कमी, पेपराले जास्त." सर खाली मान घालून हसायचे. वहिनींचं असं बोलणं त्यांना आवडायचं, हे कोणालाही दिसत होतं.

सर निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत वहिनी गेल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा लहानसा फोटो आला. घरात चूल पेटलेली नव्हती. शेजाऱ्यांकडून जेवण आलं होतं, त्यात भातही होता, पण दुखवट्याला आलेल्या ताटातला भात खळीला घ्यायला सरांचा हात धजला नाही. त्यांनी दुकानातून गमाची बाटली आणवली. भरल्या घरात, सगळ्यांसमोर, त्यांनी वहिनींना वहीत चिकटवलं. मी तिथेच होते. बाटलीचं झाकण मीच लावलं.

वर्षभराने मुलगा त्यांना नागपूरला न्यायला आला. तिथला फ्लॅट लहान. वह्यांचा ढीग पाहून त्याने सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढायची तयारी दाखवली. सर म्हणाले, "फोटो तू ठेव. कात्रन ज्याचं त्याले देऊन येतो."

मग त्यांच्या अंगणात रोज एक परात कोमट पाणी दिसू लागलं. सर वहीचं पान सोडवून पाण्यात ठेवायचे आणि बघत बसायचे. खळ भिजली की कात्रण आपोआप सुटायचं. ते उलथण्यावर उचलून सुपात वाळत घालायचं, मग गाडी काढून घरोघर पोचवायचं. कोणी म्हणे, "सर, हे कायले आनून दिलं? मोबाईल आहे ना." कोणी आत नेऊन आईला दाखवी. गाइडने कात्रण वर्दीच्या खिशात ठेवलं आणि सरांना वाकून नमस्कार केला. सर घरी परतले की थकलेले दिसायचे, पण दुसऱ्या दिवशी परात पुन्हा भरलेली असायची.

शेवटी मला बोलावणं आलं. ओळखीच्या माणसांच्या सगळ्या वह्या रिकाम्या झाल्या होत्या. सरांच्या हातात एकच पान होतं. त्यावर वहिनी होत्या, आणि पानाच्या मागे माझी लेक, छातीवर पदक.

"मॅडम, तुमचं राहून गेलं," ते म्हणाले. "पान्यात टाकलं तं तुमची पोरगी सुटन. ती खळीची आहे. पन हिचा कागद गमाचा, तो निघनार नाई, भिजून फाटन." त्यांना नागपूरला नेण्यासारखी ती एकच गोष्ट उरली होती, आणि तीही ते माझ्यासमोर धरून उभे होते. मी लेकीचं कात्रण मागितलं असतं तर त्यांनी पान खरंच परातीत सोडलं असतं.

"असंच घेऊन जा, सर," मी म्हटलं.

"पोरीले विचारलं का?"

मी तिथूनच हैदराबादला लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "काकूंजवळ राहू दे, आई." फोन स्पीकरवर होता. सरांनी पान छातीशी धरलं आणि ते तोंड फिरवून रडले. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती.

या थंडीत सर नागपूरला वारले. मी भेटायला गेले. खिडकीत एक लहान चौकट उभी होती, दोन्ही बाजूंनी काच लावलेली. खोलीकडे वहिनींचा चेहरा होता. सूनबाई म्हणाली, "बाबांनी मुद्दाम अशी करून घेतली. मागची मुलगी कोण, विचारलं की म्हणायचे, सोबतीले आहे."

ती मुलगी माझी, हे कळल्यावर मुलगा ओशाळला. चौकट उघडू लागला. "काकू, मग हे तुमचंच आहे. घेऊन जा."

मी त्याचा हात धरला. चौकट घेतली, पदराने दोन्ही काचा पुसल्या आणि होती तशी खिडकीत ठेवली.