दोन डब्यांमधला जोड

आमच्या गावचा सूर्यभान पेंटर लय हट्टी माणूस. ताडकळसच्या आजूबाजूच्या आठ-दहा शाळा त्यानंच रंगवल्या. अवंदा आमच्या शाळेच्या भिंतीवर आगगाडी काढायची ठरली. एकेक वर्ग म्हणजे एकेक डबा. गाडी झाली बी झकास. पण चौथीतली प्रियांका बगून म्हणली, "काका, डबे तर सुटेच हायेत. गाडी जाईल कशी?"

झालं! गुरुजी म्हणले, चालतंय. सूर्यभान म्हणला, "न्हाई चालत. पोरं रोज ह्यात बसणार."

मी मुंजाजी, त्याचा दोस्त. माझ्या मोटारसायकलीवर आमी टेशन गाठलं, रीतसर प्लॅटफॉर्म तिकीट काढलं. गाडी थांबली तसा हा उकिडवा बसला आन् दोन डब्यांमधल्या जोडाचे फोटो काढायला लागला. मागं रेल्वे पोलिसातला वर्दीवाला उभाच.

"लोक गाडीसंगं फोटो काढतेत. तुला जोडच कशाला पायजे रे?"

सूर्यभान चाचरत शाळेचं सांगायला लागला. पण माझं डोस्कं गरम! म्हणलं, "मनाई कुठं लिहिलीय? बोर्ड दाखवा." मग काय, दोन घंटे बसवून ठेवलं, नाव-गाव लिहून घेतलं, आन् सूर्यभानच्याच हातानं सगळे फोटो पुसायला लावले. सरळ माणसाला चोरावाणी बसवायचं म्हणजे काय! येताना मी वाटभर शिव्या देत होतो. हा एवढंच म्हणला, "सोमवारी शाळा भरंल. त्या पोरीला काय तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा टेशन. मला गप बसायची शपथ घातलेली. फोन माझ्या खिशात, त्याच्या हातात वही आन् पेन्सिल. वर्दीवाला तोच.

"आज काय?"

"फोटो न्हाई साहेब, हातानं काढायलोय. त्याला बी मनाई हाय का?"

त्यानं वही वढून घेतली. आता फाडतंय, मला वाटलं. पण तो खाली वाकला, जोडाकडं बगितलं, पुन्हा वहीकडं बगितलं.

"ही रबरी नळी राहिली की. हिच्यातून ब्रेकची हवा जाते. लेकरांची गाडी म्हणतूस, मग ती थांबाय नको?"

वही परत दिली, आन् गाडी हलस्तोवर आमच्यापाशीच उभा राहिला.

सोमवारी प्रियांकानं भिंतीवर रंगवलेल्या जोडावर हात फिरवला, नळीवर थांबली. "काका, हे काय?"

"हिच्यानं गाडी थांबती. एका पोलिसानं सांगितलं."

"मग त्यांला दाखवली का?"

सूर्यभान माझ्याकडं बगून हसला. "मुंजाजी, घे फोटो. बाजाराला गेलो की टेशनावर जाऊन दाखवू."

मी उकिडवा बसलो, फोन धरला. आमचंच गाव, आमचीच शाळा, आमचीच भिंत. तरी बटन दाबायच्या आधी मी भिऊन मागं वळून बगितलं.