पहिलं बसण्याचा मान

आमच्या घरात कुठल्याही नव्या वस्तूवर आधी मी बसतो.

ही हौस नाही, कर्तव्य आहे. आमच्या आजोबांनी शिरस्ताच घालून दिलाय, की बसण्यासारखं काहीही नवं घरात आलं की घरातल्या थोरल्यानं आधी त्यावर टेकायचं, मग बाकीच्यांनी. म्हणजे ती वस्तू लाभते. त्यामुळे सोफा, झोपाळा, धाकट्या भावाची, म्हणजे वसंताची स्कूटर, या सगळ्यांचं उद्घाटन माझ्या हस्ते (हस्ते म्हणजे, आपलं ते हे) झालेलं आहे. घरात पहिल्यांदा कमोड बसवला तेव्हासुद्धा सगळं कुटुंब दाराबाहेर अदबीनं उभं होतं! माझी बायको मात्र म्हणते, "लाभते का नाही ते देव जाणे, पण दबते जरूर."

वसंताची मुलगी रेवा. नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरात वर वसंता राहतो आणि खाली आम्ही, पण रेवा राहते खालीच. मी तिचे मोठे बाबा, माझी बायको तिची मोठी आई. इतरांच्या मुली कथ्थक शिकतात, आमची पोट्टी गाडी पळवते. साधी गाडी नाही! एकाच माणसाची, बिनछपराची, चारही चाकं उघडी असलेली रेसची गाडी. लहानपणी छोट्या गो-कार्टमध्ये बसली ती उतरलीच नाही. आता ज्युनिअर फॉर्म्युला नावाच्या शर्यतींत एक हंगाम झाला होता, आणि प्रश्न होता पुढच्या हंगामाचा.

या खेळात हंगाम संपला की सगळी पोरं अधांतरी. टीमकडे गाड्या मोजक्या, पोरं ढीगभर. मग कोणाला कुठे सीट मिळणार याचे अंदाज सुरू होतात. नागपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे हिवाळी अधिवेशन आलं की पानठेल्यावरसुद्धा मंत्रिमंडळ बनतं. मी सगळं आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलं, बदल्यांचे अंदाज बांधण्यात माझा हात कोणी धरत नसे. निवृत्तीनंतर ती सगळी विद्या मी रेसिंगकडे वळवली.

सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर शेजारचे डोईफोडे विचारायचे, "काय म्हणते मग पोट्टीची सीट?"

"कोइम्बतूरच्या टीममध्ये एक जागा रिकामी हाये. एक आपली रेवा, एक हैदराबादचा पोट्टा. दोघातलं एक."

"मग?"

"हैदराबादवाला परदेशात चालला," मी आवाज खाली आणून सांगायचो. "आतली बातमी!"

ही आतली बातमी कुठून आली? माझ्याच आतून. मी ती एका रेसिंगच्या वेबसाइटवर खालच्या प्रतिक्रियांमध्येही टाकून दिली होती. काही दिवसांनी त्याच वेबसाइटनं छापलं, "सूत्रांच्या माहितीनुसार हैदराबादचा चालक परदेशी जाण्याची शक्यता." मी फोन घेऊन धावतच वर गेलो. "वसंता, पाह्य! मी म्हणत नव्हतो? आता तर छापून आलं!"

"मोठे बाबा, हे सूत्र कोण आहे पण?" रेवानं विचारलं.

"असेल कोणी जाणकार," मी म्हणालो. (खरं सांगतो, तोवर मी विसरलो होतो!)

आणि मग एक दिवस खरंच फोन आला. टीमचा ट्रक गाड्या घेऊन कोइम्बतूरहून नोएडाला निघाला होता. तिथल्या ट्रॅकवर रेवा आणि हैदराबादचा पोरगा, दोघांची चाचणी. जो बरा चालवेल, सीट त्याची. (परदेशगमन रद्द झालं असावं.) ट्रक नागपूरवरूनच जाणार, तेव्हा वाटेत रेवाचं माप घेऊन तिची सीट ओतायची, असं ठरलं.

हे सीट ओतणं म्हणजे काय, ते सांगतो. या गाडीत बाजारातली तयार सीट चालत नाही. दोन डब्यांतली रसायनं, म्हणजे आमच्या भाषेत औषधं, एकत्र करून मोठ्या पिशवीत ओततात, पिशवी गाडीच्या खोबणीत ठेवतात आणि चालकाला तिच्यावर बसवतात. औषध फुगतं, चालकाच्या पाठीचा, कमरेचा, फासळ्यांचा नेमका आकार घेतं आणि बघता बघता दगडासारखं घट्ट होतं. एका माणसाची सीट दुसऱ्याला होत नाही. हे सगळं रेवानं मला आदल्या दिवशी नीट समजावून सांगितलं होतं. मी तेव्हा फोनवर डोईफोड्यांना तेच समजावून सांगत होतो, त्यामुळे माझं ऐकायचं राहिलं.

ट्रक वर्धा रोडला थांबला आणि टीमचा मेकॅनिक सेल्वम टेम्पोत गाडीचा रिकामा सांगाडा घालून आमच्या पोर्चमध्ये आला. सांगाडा म्हणजे लांबट, अरुंद होडी, डोंगाच. सेल्वम मितभाषी माणूस. त्याला हिंदी थोडकं यायचं आणि आमच्याकडे बोलणारे फार. त्यानं डबे काढले आणि सगळ्यांना बजावलं, "एक ही सेट बचा है. हैदराबाद में दो लग गए. ड्रायव्हर रेडी रखना, टाइम नहीं मिलेगा."

तोवर निम्मी गल्ली गोळा झाली होती. मी सगळ्यांना माहिती देत होतो, डोईफोडे माझ्या माहितीत भर घालत होते.

सेल्वमनं औषध कालवलं, पिशवीत ओतलं, पिशवीचं तोंड बांधलं, ती सांगाड्यात पसरली आणि तो ओरडला, "ड्रायव्हर!"

ड्रायव्हर देवघरात होती. रेसचा अंगरखा घालून ती निघालेलीच, पण मोठ्या आईनं तिला दारातून परत फिरवलं. "काही सीटवर-बिटवर बसायचं नाही असंच! आधी दही-साखर घे हातावर. ओवाळू दे मले."

"मोठी आई, तिकडे औषध फुगून राहिलं!"

"फुगू दे. देवापेक्षा मोठं होते का ते?"

सेल्वम पुन्हा ओरडला आणि दाराकडे धावला. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. अरे, सीट नवी! पोरीच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सीट, अन् तिच्यावर थोरलं कोणी टेकलंच नाही! सोफ्याला बसलो, स्कूटरला बसलो, कमोडला बसलो, आणि इथेच शिरस्ता मोडायचा? लाभली नाही म्हणजे? नुसतं टेकायचं तर होतं.

मी सांगाड्यात पाय टाकला आणि टेकलो.

टेकलो म्हणजे बुडलो! ती वस्तू वरून रुंद, खालून निमुळती. माझं वजन मी कोणाला सांगत नाही, पण त्या डोंग्यानं ते बरोबर ओळखलं. दोन्ही बाजूंनी मला गच्च धरलं, पाय सरळ पुढे, गुडघे वर, हनुवटी छातीवर. उठायला बघतो तर हात टेकायला जागा नाही. मग बुडाखालून ऊब आली. थंडीचे दिवस, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग ती ऊब हळूहळू वर चढू लागली आणि मीही तिच्याबरोबर चढू लागलो.

"भाऊ!" वसंता किंचाळला. "काय करून राहिला तू?"

"काही नाही, टेकून राहिलो!"

सेल्वम वळला. त्या माणसाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. "सर!! ये क्या किया! उठिए!" आणि मी खरंच हललो तेव्हा दुप्पट जोरात, "नहीं! हिलिए मत! हिले तो पूरा खराब! एक ही है, सर, एक ही है!"

म्हणजे उठलो तरी सत्यानाश, बसलो तरी सत्यानाश. निदान घट्ट झालेलं काहीतरी हाती लागेल म्हणून त्यानं मला बसवूनच ठेवलं. डोईफोडे वाकून निरखत म्हणाले, "मानेचा भाग मस्त येऊन राहिला हं."

एवढ्यात रेवा बाहेर आली. लाल अंगरखा, कपाळाला कुंकू, तळहातावर दही-साखर. तिनं माझ्याकडे पाहिलं. पोट्टी ओरडली नाही, रागावली नाही. नुसती पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरले.

"मोठे बाबा, काहून हो?"

मी नजर खाली केली. (हनुवटी आधीच छातीवर होती, पण ते कारण नव्हे.) अंदाज बांधताना या पोरीची स्वप्नं मी रोज पोह्यांबरोबर गावाला वाटली होती. आज तिचं खरोखरचं काही तिच्यासमोर आलं, आणि त्यावर मी बसलो होतो. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "बेटा, तुले लाभावी म्हणून बसलो गं!"

औषध घट्ट झालं. वसंतानं एक हात धरला, डोईफोड्यांनी दुसरा, सेल्वमनं बगलेत हात घातले. पहिल्या जोराला सांगाडा माझ्यासकट उठला! दुसऱ्या जोराला मी सुटलो, पण पिशवी कोपऱ्यात फाटलेली असावी, कारण पायजम्याचा मागचा भाग सीटमध्येच राहिला. मोठ्या आईनं लगबगीनं पुढे येऊन आपली शाल मला गुंडाळली. गल्लीनं सौजन्यानं दुसरीकडे पाहिलं. डोईफोड्यांनी नाही.

सेल्वमनं सीट बाहेर काढून उन्हात ठेवली. मी कोणत्याही फोटोत असा हुबेहूब आलेलो नाही.

रेवानं डोळे पुसले आणि जाऊन तिच्यात बसली. बसली म्हणजे हरवली. दोन्ही बाजूंना वीत वीत जागा. ती इकडून तिकडे सरकली आणि तिला हसूच फुटलं. "मोठे बाबा, याच्यात मी अन् तो हैदराबादवाला, दोघंही बसू!"

पोट्टी हसली, आणि मोठ्या आईला कंठ फुटला. "अहो, मोठ्या लुगड्यातून लहान झबलं होते का नाही? मग एवढं काय रडून राहिले सगळे?" ती आत गेली आणि जुन्या गोधड्यांचा गठ्ठा घेऊन आली. या घरातली सगळी पोरं तिनं शिवलेल्या गोधड्यांत वाढलेली. तिनं रेवाच्या पाठीमागे एक घडी घातली, कमरेला दोन, फासळ्यांपाशी उभ्या गुंडाळ्या कोंबल्या. "आता हाल पाहू." रेवा हलली. "अजून ढिलं हाये उजवीकडे." "घे मग हे."

सेल्वम आधी कपाळाला हात लावून उभा होता. मग त्यानं एक गुंडाळी अंगठ्यानं दाबून पाहिली, मग दुसरी. मग तो खाली बसला आणि मोठ्या आईला खुणेनं सांगू लागला, इथे जरा, तिथे कमी. तिला हिंदी येत नाही, त्याला मराठी येत नाही, पण दोघांचं असं जमलं की आम्ही सगळे फक्त चिकटपट्टी फाडून देण्याच्या कामाचे उरलो. शेवटी त्यानं सगळ्यावर त्याच्याकडचं आग न धरणारं कापड चढवलं, रेवाला पट्ट्यांनी आवळलं आणि दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. पोट्टी तसूभर सरकली नाही.

"चलेगा," सेल्वम म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, "अम्मा के कारण."

ट्रक निघून गेला. मागोमाग वसंता आणि रेवा रेल्वेनं गेले. मोठी आई उरलेल्या गोधड्यांच्या घड्या घालत बसली आणि मी ठेल्यावर गेलो.

"काय अंदाज मग?" डोईफोड्यांनी विचारलं.

"नाही गा," मी म्हणालो. "आता अंदाज बंद." ठेलेवाल्यानंसुद्धा झारा थांबवून माझ्याकडे पाहिलं. तब्येत विचारली.

चाचणीच्या दिवशी फोन मोठ्या आईच्या मांडीवर होता. वाजला तेव्हा दोघांनाही उचलायचं धाडस होईना. शेवटी तिनंच उचलला आणि मी कान लावला.

"मोठी आई!" रेवा तिकडून ओरडत होती. मागे इंजिनांचा गोंगाट. "मिळाली! सीट मिळाली मले!"

"अवं बापा! अन् त्या हैदराबादच्या लेकराचं काय?"

"तो भल्ला चांगला चालवते. आमच्यात एवढासाच फरक होता. पण टीमच्या साहेबानं माझी सीट उचलून पाहिली. गोधड्या पाहिल्या, मोठ्या बाबांचा पायजमा पाहिला, अन् म्हणाले, अशा सीटवर ही पोरगी एवढी चालवते, तर स्वतःच्या सीटवर काय करेल!" मग तिचा आवाज जरा उतरला. "मोठे बाबा आहेत का तिथे? त्यांना सांग, लाभली म्हणावं."

मी फोनपासून दूर गेलो. डोळ्यात काही गेलं असेल असं मोठी आई म्हणाली. तिला माहीत होतं, काही गेलं नव्हतं.

आता कोइम्बतूरला रेवाची स्वतःची सीट ओतली गेली आहे. ओतण्याआधी सेल्वमनं फोन करून खात्री करून घेतली, की मी नागपुरातच आहे. माझी जुनी सीट त्यानं परतीच्या ट्रकनं पाठवून दिली, पायजम्याच्या तुकड्यासह. ती पोर्चमध्ये ठेवली आहे. रोज सकाळी मी तिच्यात बसून पेपर वाचतो. वसंतानं बसून पाहिलं, त्याला रुतते. डोईफोडे बसले, त्यांना मोठी होते.

परवाच रेवाच्या पुढच्या हंगामाची चर्चा परत सुरू झाली. वरच्या वर्गात जाईल का, कोणती टीम घेईल, जागा किती. कोणाचंच काही नक्की नाही म्हणतात. मी पेपर खाली घेतला आणि सांगितलं, पुढच्या हंगामासाठी ज्याची सीट आजच पक्की आहे, असा या अख्ख्या ज्युनिअर रेसिंगमध्ये मी एकटाच आहे!