सलोमीबाईंचा जबाब

उपासनेत संदेश चालू असताना सलोमीबाई बोलणाऱ्याकडे क्वचितच बघत. मांडीवर बायबल उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि बोट ओळीवर. कोणी एखाद्या वचनाचा आधार दिला की त्या ते तिथल्या तिथे काढून बघत. सापडलं तर पान उलटत. नाही सापडलं तर बोट तसंच ठेवून उपासना संपायची वाट बघत आणि मग दाराशी सलाम करताना अगदी आदराने म्हणत, "पाळकसाहेब, ते कुठे आहे, मला जरा दाखवता?" शहापूरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत बाहेरून येणारे बरेच उपदेशक या प्रश्नाला दबकून असत.

नव्वदच्या सुमाराला मी लग्न होऊन शहापूरला आले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हा सलोमीबाई आमच्या शेजारी राहत. माहेर नगर जिल्ह्यातलं. नर्स म्हणून मुरबाड तालुक्यात आल्या आणि इकडच्याच होऊन गेल्या. नवरा लवकर वारला, मूल नव्हतं. आईविना राहिलेला भावाचा मुलगा प्रभाकर, त्याला त्यांनीच वाढवलं. पाड्यापाड्यांवर बाळंतपणं केलेली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही बाजारात भाजीवाल्या त्यांना "नर्सबाय" म्हणून हाक मारत आणि पैसे घ्यायला कुरकुर करत.

एकदा एका पाहुण्या उपदेशकाने सांगितलं, ज्याचा विश्वास खरा असेल त्याने औषधं टाकून द्यावीत. आमच्यातली एक बाई तेव्हा टीबीच्या गोळ्या घेत होती. उपासना संपल्यावर सलोमीबाई त्यांना म्हणाल्या, "पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. पौलाने त्याला वैद्यकी सोडायला लावली असं मला तरी कुठे सापडलं नाही." पाहुणे हसले आणि विषय बदलला. सलोमीबाई तिथून थेट त्या बाईच्या घरी गेल्या आणि तिने समोर गोळी गिळेपर्यंत उठल्या नाहीत. "वचन वाकवायचं नसतं, आपण वाकायचं असतं," असं त्या म्हणत. इतक्यांदा म्हणत की मुलं मागून नक्कल करायची. त्या वाक्याचं वजन आम्हाला कळलं ते म्हसा गावाच्या पुढच्या पाड्यावर आग लागली तेव्हा.

त्या पाड्यावरची काही घरं प्रार्थनेला येऊ लागली होती. लहानू नावाच्या माणसाने आपल्या जागेत एक झोपडी उभारली होती. कुडाच्या भिंती, वर पेंढा. तिथलं काम प्रभाकर बघायचा. शेजारचं शेत बाळारामचं. झोपडीमुळे त्याच्या बैलगाडीची वाट अडली होती आणि गाण्यांचाही त्याला त्रास व्हायचा. चारचौघांत तो बोलून गेला होता, "ही झोपडी हलवा, नायतर मी हलवीन."

होळीच्या आधीच्या एका रविवारी आम्ही शहापूरचे लोक तिकडे गेलो होतो. प्रार्थनेनंतर झोपडीमागे तीन दगडांच्या चुलीवर भात-वरण झालं, सगळे जेवले. निघताना सलोमीबाईंनी प्रभाकरला चुलीत पाणी ओतायला सांगितलं. तो हो म्हणाला. आम्ही एसटीच्या फाट्याशी पोचतो तोच मागे धूर दिसला. धावत परत गेलो तर छप्पर खाली आलं होतं. माणसाला इजा झाली नाही एवढंच. त्या गडबडीत सलोमीबाईंनी प्रभाकरला बाजूला घेऊन विचारलं, पाणी ओतलंस का. त्याने मान खाली घालून सांगितलं, "राहिलं, आत्या."

पण तोवर कोणीतरी बाळारामचं नाव घेतलं होतं. बघता बघता सगळेच ते घेऊ लागले. प्रभाकर आधी गप्प राहिला, आणि संध्याकाळी मुरबाडला पोलिसांत तक्रार लिहिली गेली तेव्हा सही त्याचीच होती. बाळारामला चौकीवर नेऊन बसवलं. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या एका ख्रिस्ती संस्थेची माणसं आली, जळलेल्या जागेचे फोटो काढले आणि पक्की इमारत बांधून देण्याचं बोलून गेली.

भाऊ चुकला तर काय करायचं, याचा क्रम शास्त्रात दिलेला आहे. आधी एकट्याने जाऊन सांगायचं, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्यायचं, तरीही नाही तर मंडळीपुढे ठेवायचं. सलोमीबाईंनी पायरी चुकवली नाही. आधी त्या स्वतःच्याच घरात प्रभाकरशी एकट्या बोलल्या. मग मला आणि माझ्या नवऱ्याला बोलावून आमच्यासमोर बोलल्या. तरी तो बधला नाही. मग सोमवारी रात्रीच मंडळीच्या पंचांची बैठक झाली. पंच वाईट माणसं नव्हती, घाबरलेली होती. त्यांचं म्हणणं असं की आपण मूठभर, कधी नव्हे ती लोकांची सहानुभूती मिळतेय, आता हे बाहेर पडलं तर सगळे आपल्याला खोटारडे म्हणतील.

"आज आहोतच आपण खोटे," सलोमीबाई म्हणाल्या. "देवासाठी खोटं बोलायचं नसतं. त्याला ते लागत नाही."

बैठकीतून उठताना त्यांनी प्रभाकरला सांगितलं, "उद्या सकाळच्या गाडीने मी मुरबाडला जाणार. तू आलास तर तू सांग. नाही आलास तर मला सांगावं लागेल."

तो आला नाही. मी त्यांच्याबरोबर गेले. चौकीत फौजदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हा तुमचा भाचा ना. "हो, मीच वाढवलाय," त्या म्हणाल्या. "आणि त्याने मुद्दाम नाही केलं, विसरला. तेही जबाबात लिहा." बाकावर बसलेल्या बाळारामकडे त्यांनी पाहिलंही नाही.

बाळाराम त्याच दिवशी सुटला. फौजदाराने प्रभाकरला बोलावून चांगलं खडसावलं. आठवड्याच्या आत त्याने आत्याचं घर सोडलं आणि कल्याणला खोली केली. मुंबईची माणसं पुन्हा आली नाहीत. रविवारी सलोमीबाईंच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. देवाच्या कामाला खीळ घातली असं त्यांच्या तोंडावर म्हणणारेही निघाले. आपण कल्याणच्या मंडळीत जाऊ या, असं मी एकदा सुचवलं. त्या म्हणाल्या, "एकमेकांना धरून राहा, असंही त्याच पुस्तकात आहे. मला सोयीचं तेवढंच कसं पाळू?" आणि पुढच्या रविवारी त्याच बाकावर जाऊन बसल्या.

बाळाराम मात्र बायकोला घेऊन शहापूरला आला, वालाच्या शेंगांनी भरलेली पिशवी घेऊन. मी तिथेच होते. बसायच्या आधीच म्हणाला, "मी आमचे देव सोडणार नाय, ते आदीच सांगतो."

"मी कुठे सोडायला सांगितलं? बसा, चहा घ्या."

"मंग तुमी चौकीवर आलात कशापायी? माज्या भावकीतला एक माणूस नाय आला."

"तुम्ही आग लावली नव्हती म्हणून आले."

त्याने शेंगांची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली आणि चहाची बशी उचलली. पुढे लहानूने वाट मोकळी ठेवून घराच्या पलीकडे नवी झोपडी बांधली, तेव्हा कुडासाठी कारवीच्या काठ्या वाहायला बाळारामने आपली गाडी दिली. गाण्यांबद्दल तो शेवटपर्यंत कुरकुरत राहिला.

प्रभाकरला काही वर्षं लागली. स्वतःला मुलगी झाल्यावर एका ईस्टरला तो शहापूरच्या उपासनेत आला, साक्षीच्या, म्हणजे आपला अनुभव सांगायच्या, वेळी उभा राहिला आणि त्या रविवारची सगळी हकिगत त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली. सलोमीबाईंनी पदर सावरला, बाकावर थोडं सरकून जागा केली आणि तो येऊन बसल्यावर त्याची मुलगी आपल्या मांडीवर घेतली. त्या विषयावर त्या दोघांत पुन्हा बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

दोन हजार सालानंतर त्यांना पोटाचा आजार झाला. कल्याणच्या इस्पितळात नेलं तोवर फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं ते प्रभाकरने आणि आम्ही ऐकलं, त्यांना कोणी सांगितलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण लवकर बऱ्या व्हाल म्हणायचा, पाळक बरं होण्यासाठी प्रार्थना करायचे. एका दुपारी खोलीत आम्ही पाचसहा जण असताना त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि प्रभाकरला जवळ बोलावलं.

"तू सांग."

तो खाटेच्या कडेवर बसला. त्याच्या बायकोने त्याचा दंड दाबला, तो त्याने हळूच सोडवला.

"आत्या, तू यातून उठणार नाहीस. थोडेच दिवस आहेत."

सलोमीबाईंनी डोळे मिटले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मला आठवतं, मोठं ओझं उतरल्यासारखं काहीतरी झालं.

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "हे सगळे मी बरी व्हावी म्हणून मागतात, मला मध्ये काही बोलता येईना. आता नीट जाण्यासाठी माग."

प्रभाकरने प्रार्थना सुरू केली. मध्येच त्याने त्यांच्या हातावर कपाळ टेकवलं, आणि उरलेली प्रार्थना सलोमीबाईंनीच सावकाश पुरी केली.