पायाळू पुतळाबाईचा पाय

सास्तूरची पुतळाबाई पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायानं बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय पाठीवरून फिरवला की उसण जाते, हे आमच्याकडं पोरासोरालाही ठाऊक. कुणाची पाठ धरली, की तो सकाळी चूळ भरायच्या आधी पुतळाबाईच्या ओट्यावर पालथा. खरं सांगायचं तर, ज्यांनी तिला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, तेही तिच्या पायाखाली गुमान पडायचे. तिला ते लई गोड लागायचं. आणि का लागू नये?

तर अशा बाईचा तोच उजवा पाय कडब्याची पेंढी आणताना गाडीच्या चाकोरीत मुरगळला. दुसरी कुणी असती तर गाव गोळा केलं असतं. ही मूग गिळून बसली. पायाळू बाईचाच पाय मुरगळला म्हटल्यावर लोकांनी दात नसते काढले? त्या हट्टापायी घोटा कायमचा खिळखिळा झाला, सपाट रस्त्यावरही दगा देऊ लागला. एक दिवस आडत दुकानदार कल्याणप्पांच्या पाठीवरून पाय खाली टेकताना तो वळला, आणि ती त्यांच्याच अंगावर कोसळली. झाकली मूठ उघडली.

मुलगा अमृत तिला सोलापूरला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, घोटा धरून ठेवणारं लिगामेंट तुटून सैल पडलंय. गुडघ्याजवळची शीर काढून तिथं नवं बसवू. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, एका पायावर उभं राहायचा व्यायामही तिनं दात-ओठ खात केला. पाय खुंटीसारखा घट्ट झाला.

पण ओट्यावर कुणी येईना. "जल्माची शीर गेली, आता गुण कसला?" असं कल्याणप्पा पारावर म्हणाले होते.

"शीर काय शेजाऱ्याच्या गुडघ्याची लावलीय व्हय? माझा गुडघा बी पायामागंच आला की बाहेर," पुतळाबाई घरात चरफडायची.

"आई, बरंच झालं. अंधश्रद्धाच होती ती," अमृत म्हणायचा.

"तुला न्हाय कळायचं. पाय मिळाला रं, पण माझी माणसं गेली."

रोज पहाटे ती ओटा झाडून रस्त्याकडं तोंड करून बसायची. कुणी वाकून चाललेलं दिसलं की तिला आशा वाटायची. ते माणूस सरळ दवाखान्याची वाट धरायचं. गावात एखाद्याची तरी पाठ धरावी, असं मनात येई आणि मग तिची तिलाच लाज वाटे.

थंडीतल्या एका सकाळी कल्याणप्पाच आले. हात कमरेवर, तोंड वाकडं. गोळ्या झाल्या होत्या, इंजेक्शनं झाली होती. त्यांच्यासाठी तिनं चार खोचक शब्द कधीचे जपून ठेवले होते. एकही आठवला नाही. ते ओट्यावर पालथे झाले. भिंतीला न धरता तिनं उजवा पाय उचलला, पाठीवरून फिरवला आणि खाली टेकवला. घोटा हलला नाही.

"गेली का, आप्पा?"

कल्याणप्पा कण्हत उठले. कंबर चाचपली. "न्हाय गेली," म्हणाले. चपला पायात सरकवता सरकवता थांबले. "उद्या परत येतो."

"या," पुतळाबाई म्हणाली.