कुंडलिकने वाटलेल्या तारखा

कुंडलिकचा जन्म एक जूनचा. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर. खरा जन्म कधीचा, हे त्याच्या आईलाही सांगता येत नसे. "जवारी काढणीला आली हुती," एवढंच ती म्हणायची. पण मोहोळजवळच्या त्या शाळेतल्या गुरुजींना ज्वारीशी कर्तव्य नव्हतं. शाळा जूनमध्ये भरते, तर पोरंही जूनमध्येच जन्मलेली बरी, अशा हिशोबाने त्यांनी अख्खा वर्ग एका बैठकीत जन्माला घातला. तेहतीस पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि तोही सुट्टीत. मग शुभेच्छा कोण कुणाला देणार? कुंडलिकला पुढे बायको तेवढी द्यायची, पण ती बिचारी तारीख विसरून दरवर्षी सात जूनला द्यायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. आता सात जूनही मोकळाच जातो.

सोलापुरातल्या मुलींच्या एका बालगृहात तो लेखनिक होता. फलाटावर, देवळाच्या पायरीवर, बसस्टँडवर सापडलेल्या मुली तिथे येत. डॉक्टर दात आणि हाडं तपासून वय सांगत, त्यावरून जन्माचं साल ठरे. दिवस आणि महिना? रिवाजाने एक जून. बरीच वर्षं कुंडलिकने मुकाट्याने तोच लिहिला. मग एकदा लिहिता लिहिता त्याचा हात थांबला.

कार्यालयातली टाचणीसुद्धा कधी घरी न नेलेला हा माणूस त्या दिवसापासून तारखा वाटायला लागला. त्यातही शिस्त अशी, की एका आठवड्यात दोघींचा वाढदिवस येऊ द्यायचा नाही. ज्या त्या मुलीला आपापला आठवडा. रुपाली नावाची एक पोर आली तेव्हा भेटेल त्याला चावत होती. तिला त्याने संक्रांत दिली, चौदा जानेवारी. निदान त्या दिवशी तरी गोड बोलेल म्हणून. वाढदिवस आला की तो त्या मुलीला "सही करायला" बोलवायचा आणि रजिस्टरच्या आडून कागदात बांधलेला एक पेढा पुढे सरकवायचा. सही कसलीच नसे. हे मुलींना ठाऊक होतं, गृहमातेला ठाऊक होतं, शिपायाला ठाऊक होतं. आपलं गुपित आहे असं फक्त कुंडलिकला वाटायचं.

निवृत्तीला चार महिने उरले, आणि विद्यापीठाचा व महिला-बालविकास खात्याचा करार झाला. बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलींचं पुढे काय झालं, याचा अभ्यास समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी करायचा. त्यासाठी पायल नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन कुंडलिकच्या टेबलासमोर येऊन बसली. बायको गेल्यानंतरच्या नऊ वर्षांत त्याच्या समोर सलग तासभर बसलेलं हे पहिलंच माणूस. तो रोज दोन कप चहा मागवू लागला.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काका, गंमत बघा. गेल्या बारा वर्षांत नोंदलेल्या मुलींपैकी एका आठवड्यात दोघी कधी जन्मल्याच नाहीत. निसर्ग इतका शिस्तीत वागतो?"

"सोलापूरचा निसर्ग हाय पोरी, जरा कडकच," कुंडलिक म्हणाला आणि चहा सांडला.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. चौकशी लागली तर लागू दे. पण पोरींच्या तारखा काढून घेतल्या तर? गप्प बसायचं, असं त्याने ठरवलं. चारच महिने तर काढायचे होते.

पण आठवड्याने पायलने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "तारखांचं राहू दे, हे बघा. अठरा पूर्ण झाले की मुलगी बाहेर. जानेवारी-फेब्रुवारीत अठरा पूर्ण झालेल्या सात जणी आहेत. एकीनेही बारावीची परीक्षा दिली नाही. राहायचंच ठिकाण गेलं तर अभ्यास कुठे करणार? मुदतवाढ मागता येते, पण कुणी मागितलीच नाही. आणि त्याआधी नोंदलेल्या एक जूनवाल्या सगळ्या परीक्षेला बसल्या. असं का झालं असेल, काका?"

कुंडलिकने बोटांवर महिने मोजले. परीक्षा फेब्रुवारीत, आणि रुपालीची संक्रांत जानेवारीत. ती नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात कामाला आहे, हे तो चार वर्षं कौतुकाने सांगत होता. गुरुजींच्या त्या रटाळ एक जूनला अक्कल होती, ती त्याच्या पेढ्याला नव्हती.

"पोरी, तारखा मी दिल्या," तो म्हणाला. "अजून अकरा जणी आत हायेत. लिहून घे."

अधीक्षक अनिलकुमार साहेबांनी कपाळाला हात लावला. "कुंडलिकराव, आयुष्यभर गप्प बसलात. अजून चार महिने जमलं नसतं का?"

"पुढच्या जानेवारीत दोघी अठराच्या होतायत साहेब."

तारखा बदलण्यासाठी बालकल्याण समितीकडे अर्ज गेला. अकरा तारखा गोळा होऊन एक जूनवर परत आल्या. कुंडलिकला लेखी समज मिळाली. पायलच्या अहवालात 'जन्मतारखा कार्यालयीन अंदाजाने' असं एक वाक्य आलं. तिचं काम संपलं, खुर्ची रिकामी झाली. एकतीस मेला त्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन तो बालगृहाच्या फाटकाशी उभा राहिला. आतून एकच केक कापल्याच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

"आत सोडता येत न्हाय," बसू नावाचा पहारेकरी ओशाळून म्हणाला. "बाहेरचा माणूस बिगर पासाचा न्हाय, आन् बाहेरचं खाणं तर मुळीच न्हाय. नोटीस तुमीच लावलीया की."

नोटीस खरंच त्याच्याच अक्षरात होती. अक्षर सुंदर होतं.

"मग तू तरी खा."

"आज काय इशेष?" पेढा तोंडात टाकत बसूने विचारलं.

"काय न्हाय. सहज."

उरलेला पुडा घेऊन तो रिक्षाने नवी पेठेत उतरला. पायलने ते आकडे दाखवल्यापासून तो ही गल्ली टाळत होता. दुकानात रुपाली गिऱ्हाइकापुढे साडी उलगडत होती. पदर, काठ, सगळं हसून दाखवत होती. गोड बोलायला ती शिकली होती. कुंडलिकने पायरीशी चपला काढल्या. मग पुन्हा पायात घातल्या. रिक्षांची गर्दी त्याला चुकवून जात होती.

"या काका, आत बसा," दुकानातून कुणीतरी ओरडलं.

त्याने पुन्हा चपला काढल्या आणि पायरी चढला.