महानंदाने कापलेली दोरी

महानंदाच्या हातात कात्री आली की ती विचार करत नाही. बंगळूरच्या चिकपेटेतल्या कापडदुकानात कटपीसच्या काउंटरवर तीस वर्षं उभी राहिलेली बाई. एक थान, दोन गिऱ्हाइकं, कापलं, पुढे चला!

मूळची निपाणीकडची. लहानपणी वेदगंगेच्या काठावर भाऊ गळ टाकायचे आणि हिच्या हातात गांडुळांचा डबा. पोरींनी गळ धरायचा नाही म्हणे! अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने त्याचा सूड घ्यायचं ठरवलं आणि शेजारीण म्हणून मलाही ओढलं.

आमची गुरू ऋचा, पुण्याची, महादेवपुऱ्यात नोकरीला. उन्हाळ्यात परवाना काढून माणसं कावेरीवर नेते. पिसांच्या खोट्या माशीवर मासा धरायचा आणि सोडून द्यायचा. यंदा एकच जागा उरली होती. ती महानंदाला हवी होती. मला नुसती दोरी फेकायची हौस. अट अशी: काठी ऋचाची, दोरी स्वतःची, आणि रविवारी बसवनगुडीच्या मैदानावर चाळीस फूट फेक.

दोऱ्यांच्या किमती बघून आमचे डोळे पांढरे झाले. काठी आठ नंबरची म्हणून दोरीही आठचीच हवी. तरंगणारी की बुडणारी?

"उन्हाळ्यात पाणी उतरतंय. बुडवून दगडात अडकवायची काय ओ अक्का?" महानंदा मला म्हणाली.

मग तरंगणारी घेतली, मागच्या साली न खपलेल्या रंगाची, म्हणून स्वस्त. तीही दोघींत एक! नव्वद फूट दोरी, फेक चाळीस फूट. महानंदाने मधोमध कात्री चालवली. कच्च.

"एक बाजू जाड लागतेय गं."

"पदर जाड असतोच. जाड तुम्ही घ्या, तुम्हाला बारीक दिसत नाही."

रविवारी चाळीस फुटांवर ऋचाने चप्पल ठेवली. गळाऐवजी लोकरीचा गोंडा. माझी दोरी सुर्रकन गेली, जेमतेम अलीकडे पडली. महानंदाची मात्र शेवयांसारखी तिच्याच डोक्यावर. तीनदा!

ऋचाने दोरी हातात घेतली आणि किंचाळली, "काकू, कापलीत? अहो, सगळं वजन पुढच्या भागात असतं! तोच माशीला ओढून नेतो, मागचा नुसता फॉलो करतो. आणि नऊ फूट तर काठीतच जातात!"

मी हसून हसून मातीत बसले. महानंदा हसेना. जूनमध्ये पाणी चढलं की सीझन खलास, आणि ती पुन्हा गांडुळांची डबेवाली.

"बघतेस काय? घे माझी!" मी ओरडले.

"स्वल्प थांबा." तिने दोन्ही तुकडे घेतले आणि अशी बारीक गाठ मारली की ऋचाने आ वासला. मग फेकली. गाठ काठीच्या कड्यांमधून खट्, खट्, खट् करत बाहेर पडली आणि गोंडा चपलेच्या पार पलीकडे!

आम्ही दोघी म्हाताऱ्या भर मैदानात फुगडी घालत होतो.

"अक्का, मासा लागला तर अर्धा तुमचा!"

"काकू, मासा परत सोडायचा असतो!" ऋचा कळवळली.

"सरी, तसं तर तसं. मग अर्धा ह्या सोडतील."